‘सोझाबॉय’ची निवेदनभाषा आणि नायजेरियातील लोकमत

१

नायजेरियाच्या राजकारणाविषयी तेथील सामान्य माणूस काय म्हणतो, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचा समजला जातो. परंतु तो ते कोणत्या भाषेत म्हणतो, हे पाहिल्यावाचून त्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. या देशात पाचशेच्या आसपास भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी उत्तरेची हौसा, नैर्ऋत्येची यॉरूबा आणि आग्नेयेची इग्बो या तीन भाषांच्या मागे मोठे संख्याबळ आहे. १९९९ च्या राज्यघटनेच्या ५५ व्या कलमाने राष्ट्रीय विधिमंडळाचे कामकाज इंग्रजीत, आणि पुरेशी व्यवस्था झाल्यावर या तीन भाषांत, चालावे असे ठरविले आहे. बाजारातील विक्रेती, बसचा वाहक आणि छावणीतील शिपाई ज्या भाषेत एकमेकांशी सरकारविषयी बोलतात, त्या पिजिन इंग्रजीचा मात्र या कलमात उल्लेख नाही.

पिजिन म्हणजे मोडकी इंग्रजी, ही समजूत भाषाशास्त्राच्या दृष्टीने टिकणारी नाही. ‘आय डे कम’ म्हणजे मी येत आहे, ‘आय डॉन कम’ म्हणजे मी आलो आहे, ‘आय गो कम’ म्हणजे मी येईन. क्रियापदाचे रूप न बदलता त्याच्या आधीच्या एका शब्दाने काळ व क्रियेची अवस्था दाखविणारी ही व्यवस्था नियमबद्ध आहे. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः इंग्रजी असला, तरी ‘साबी’ (जाणणे) आणि ‘पिकिन’ (मूल) हे किनाऱ्यावरील जुन्या पोर्तुगीज व्यापाराचे अवशेष आहेत. ‘ओगा’ (मालक, साहेब) यॉरूबातून, ‘वाहाला’ (कटकट) हौसातून आणि ‘उना’ (तुम्ही) इग्बोतून आलेला आहे. तिन्ही मोठ्या जमातींचे शब्द तिच्यात नांदतात आणि ती मात्र त्यांपैकी कोणाचीच नाही.

म्हणूनच या भाषेत उच्चारलेल्या राजकीय मताला एक विशेष मूल्य येते. यॉरूबा माणसाने यॉरूबातून केलेली टीका ऐकणारा प्रथम तिच्यामागची जमात पाहतो. पिजिनमधून केलेली टीका ऐकताना त्याला इतक्या सहज तसे करता येत नाही. परंतु हे मूल्य साहित्यकृतीत आपोआप उतरत नाही. पिजिन पात्राच्या तोंडी आहे की निवेदकाच्या, यावर ते अवलंबून असते. चिन्वा अचेबे यांची ‘अ मॅन ऑफ द पीपल’ (१९६६) आणि केन सारो-विवा यांची ‘सोझाबॉय’ (१९८५) या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या असता हा भेद स्पष्ट होतो.

२

अचेबे यांची कादंबरी जानेवारी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा शेवट लष्करी उठावाने होतो, आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला नायजेरियात पहिला लष्करी उठाव झाला. या योगायोगामुळे कादंबरीच्या भविष्यकथनाचीच चर्चा पुष्कळ झाली व तिच्या भाषायोजनेकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

कादंबरीचा निवेदक ओडिली हा विद्यापीठातून शिकलेला शिक्षक आहे. त्याची भाषा प्रमाण इंग्रजी. मंत्री नांगा हा भ्रष्ट आहे, पण दिलखुलास आहे. लोकांशी सलगी साधावयाची असली की तो पिजिनमध्ये शिरतो. सभेतील सरकारी इंग्रजी आणि दिवाणखान्यातील पिजिन यांमधील त्याची ये-जा अचेबे यांनी मोठ्या मार्मिकपणे टिपली आहे. नांगाचे पिजिन हे राजकारण्याचे हत्यार आहे. आपण तुमच्यातलेच आहो, हे त्याला सिद्ध करावे लागत नाही. एका वाक्याची भाषा बदलली की ते काम होते.

याच कादंबरीत सामान्यजनांच्या नैतिक निवाड्याचा एक अविस्मरणीय प्रसंग आहे. जोसाया नावाचा दुकानदार व्यापारात बरकत यावी म्हणून एका आंधळ्या भिकाऱ्याची काठी पळवितो. गाव त्याच्या दुकानावर अघोषित बहिष्कार घालते व थोड्याच दिवसांत ते दुकान बंद पडते. मालकाच्या ध्यानात येईल इतके त्याने उचलले, असा गावाचा निर्णय असतो. पुढे ओडिली हाच निकष राष्ट्राला लावून पाहतो, आणि गावाला मालक आहे पण राष्ट्राला मालकच नाही, या निष्कर्षावर येतो. लोक मंत्र्यांची लूट जाणतात, तिच्यावर हसतात आणि खाणाऱ्याला खाऊ देतात. हा बधिरपणा मूर्खपणातून आलेला नसून, जे लुटले जात आहे ते आपले आहे असे वाटतच नसल्यामुळे आलेला आहे.

हे विवेचन मोलाचे आहे. तथापि गावाचा तो निवाडा वाचकापर्यंत पोहोचतो तो ओडिलीच्या प्रमाण इंग्रजीतून, आणि त्याचा अर्थही ओडिलीच लावतो. पिजिन अवतरणचिन्हांत राहते; त्याच्या वाट्याला बहुधा विनोद, खुशामत आणि सौदा येतो. लोकमत येथे ऐकले जाते, परंतु त्याचे वजन करणारा तराजू सुशिक्षिताच्या हाती आहे.

३

सारो-विवा यांनी हा तराजूच काढून घेतला. ‘सोझाबॉय’ या शीर्षकाखाली त्यांनी ही ‘रॉटन इंग्लिश’मधील कादंबरी असल्याचे उपशीर्षकातच सांगितले आहे. ‘सोझा’ म्हणजे सोल्जर. डुकाना गावचा मेने हा तरुण लॉरीवर उमेदवारी करणारा चालक. प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा तो उत्तीर्ण झाला आहे. पुढे शिकविण्याची आईची ऐपत नाही. गणवेशाची त्याला भुरळ पडते. लागोसहून आलेल्या अॅग्नेसशी त्याचे लग्न होते, आणि तिला आपले रक्षण करू शकेल असा पुरुष हवा असतो. तो सैन्यात जातो.

कादंबरीचे पहिलेच वाक्य ‘ऑल्दो’ या उभयान्वयी अव्ययाने सुरू होते, परंतु त्या अव्ययाने जोडावयाचे दुसरे उपवाक्य येतच नाही. आरंभी सर्वांना आनंद झाला, एवढेच विधान त्याच्यापुढे आहे. जुने वाईट सरकार गेले, शिपायांचे नवे सरकार आले, आता लाचलुचपत संपणार म्हणून गावे नाचत आहेत. लवकरच रस्त्यावरचा पोलीस पूर्वीपेक्षा मोठी लाच मागू लागतो. मेनेला व्याकरण येत नाही म्हणून ते अव्यय चुकले, असे म्हणता येईल. परंतु त्या आनंदावर पडलेले प्रश्नचिन्ह याहून थोडक्यात मांडणे कठीण होते. राजकीय मत असे वाक्यरचनेतच मुरलेले आहे. त्याचा अर्थ समजावून सांगण्यासाठी मेनेच्या डोक्यावर कोणी ओडिली बसलेला नाही.

मेनेच्या निवेदनात ‘बिग बिग ग्रामर’ हा शब्दप्रयोग पुनःपुन्हा येतो. रेडिओवरील भाषणे, सैन्यातील अधिकाऱ्यांचे हुकूम, शिकलेल्या सोबत्याचे स्पष्टीकरण हे सर्व त्याच्या लेखी मोठे व्याकरण आहे. संकट जसजसे वाढते तसतसे रेडिओवरचे मोठे व्याकरण वाढत जाते, हे त्याने नेमके हेरले आहे. युद्ध कशासाठी, शत्रू कोण, हे त्याला कधीही नीट कळत नाही. गावातील झाझा हा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलेला. आपण तेथे हिटलरशी लढलो, अशा बढाया तो मारतो. पश्चिम आफ्रिकेच्या ८१ व्या व ८२ व्या डिव्हिजन ब्रह्मदेशच्या आघाडीवर खरोखरच लढल्या होत्या, परंतु त्या शिपायांपैकी पुष्कळांना ते युद्ध कोणाचे होते हे मेनेइतकेच कळले असावे. एका पिढीचे अज्ञान दुसऱ्या पिढीला पराक्रम म्हणून मिळते.

युद्धाविषयीचे सामान्य माणसाचे मत या कादंबरीत एका नावात साठविलेले आहे. ते नाव मनमुसवाक. ‘मॅन मस वाक’, म्हणजे माणसाला खाल्लेच पाहिजे. हा मनुष्य प्रथम दारूच्या गुत्त्यात भेटतो, मग आघाडीवर शत्रू म्हणून येऊन सिगारेट व दारू देतो, नंतर इस्पितळात शुश्रूषा करतो आणि अखेर कैद्यांवर बंदूक रोखून उभा राहतो. तो दोन्ही बाजूंना आहे. त्याला पक्ष नाही, द्वेषही नाही. अचेबे यांच्या कादंबरीत मंत्र्यांपुरता असलेला खाण्याचा न्याय येथे खालच्या पायरीपर्यंत उतरला आहे. गावाचा प्रमुख बिराबी आणि पाद्री बारिका हेही निर्वासितांच्या छावणीत मदतीचे अन्न दडवून ठेवतात.

४

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, या कादंबरीत नायजेरिया हे नाव नाही आणि बियाफ्रा हेही नाही. १९६६ मध्ये उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या, ३० मे १९६७ रोजी बियाफ्राच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली, जुलैमध्ये युद्ध पेटले आणि १५ जानेवारी १९७० रोजी बियाफ्राच्या शरणागतीने ते संपले. हा इतिहास परिचित असलेला वाचक प्रसंगांची ओळख पटवू शकतो. मेनेच्या तोंडी मात्र जमातीचे नाव येत नाही. कोणत्याही जमातीची नसलेली भाषा येथे जमातीपलीकडचे दुःख सांगते. मेने परत येतो तेव्हा आई आणि अॅग्नेस बाँबहल्ल्यात मेलेल्या असतात, आणि उरलेले गाव त्यालाच रोगराई आणणारे भूत समजते. इतरांनी लादलेल्या युद्धाचा दोष अखेर त्याच्याच अंगावर येतो.

परंतु हा अनुल्लेख निरागस म्हणता येईल काय? लेखक स्वतः ओगोनी, म्हणजे तीन मोठ्या जमातींबाहेरचा. युद्धात तो संघराज्य सरकारच्या बाजूस होता व बॉनी येथे प्रशासक म्हणून त्याने काम केले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन अ डार्कलिंग प्लेन’ या युद्धविषयक आठवणींत त्याने इग्बो नेतृत्वावर आणि बियाफ्रातील लहान जमातींच्या कोंडीवर कठोर शब्दांत लिहिले आहे. ते पुस्तक प्रमाण इंग्रजीत आहे. एकाच लेखकाने एकाच युद्धाविषयी दोन भाषांत लिहिले. प्रमाण भाषेत जमातींची गाऱ्हाणी आली, ‘कुजक्या’ भाषेत ती गळून पडली. यावरून कादंबरीने सत्य लपविले असा आरोप करता येईल. परंतु तो टिकत नाही. आठवणी लिहिणाऱ्यास पक्ष होता. मेनेला तो नाही, आणि पक्ष नसलेल्या माणसावरच दोन्ही बंदुका रोखल्या गेल्या, हेच कादंबरीला दाखवावयाचे आहे. मात्र तिच्यातील मौन म्हणजे वांशिक वैर मावळल्याची खूण, असे वाचणे चुकीचे ठरेल. अचेबे यांच्या ‘देअर वॉज अ कंट्री’ (२०१२) या पुस्तकाने युद्धकाळातील उपासमार आणि यॉरूबा नेते आवोलोवो यांचा तीत वाटा, हा वाद चार दशकांनंतरही किती तीव्र आहे ते दाखवून दिले.

दुसरा आक्षेप भाषेविषयीचा. ही शुद्ध पिजिन नव्हे; पिजिन, मोडकी इंग्रजी आणि मधूनच चांगली इंग्रजी यांचे हे मिश्रण असल्याचे लेखकानेच प्रास्ताविकात मान्य केले आहे. डुकानासारख्या ओगोनी गावातील घरची भाषा तर वेगळीच असणार. मराठीत ‘गोताव‌ळा’ (१९७१) या आनंद यादव यांच्या कादंबरीचे संपूर्ण निवेदन बोलीत आहे. परंतु तेथील बोली निवेदकाला त्याच्या मातीशी बांधते. मेनेची भाषा त्याला कोणत्याच मातीशी बांधत नाही. लॉरी, गुत्ता, छावणी, तुरुंग अशा वाटेवरच्या जागांची ती भाषा आहे. म्हणून ती रचलेली असूनही खोटी वाटत नाही.

येथे लोकरंजनाच्या क्षेत्राची नोंद घेणे आवश्यक आहे. फेला कुटी यांनी आपली राजकीय गाणी पिजिनमध्ये रचली. शिपायांच्या आज्ञाधारकपणाची थट्टा करणारे त्यांचे ‘झोंबी’ १९७६ मधील, आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी त्यांच्या वसाहतीवर हल्ला केला. उलट सारो-विवा यांनीच दूरचित्रवाणीसाठी लिहिलेल्या ‘बासी अँड कंपनी’ या विनोदी मालिकेत, कष्टांवाचून लक्षाधीश होऊ पाहणाऱ्या लागोसवासी पात्रांना प्रमाण इंग्रजी दिली. पिजिनविषयीचा त्यांचा भाव एकेरी नव्हता, हे यावरून दिसते. २००७ मध्ये लागोस येथे सुरू झालेल्या पिजिन नभोवाणी केंद्राचे नाव ‘वाझोबिया’. यॉरूबातील ‘वा’, हौसातील ‘झो’ आणि इग्बोतील ‘बिया’, तिन्हींचा अर्थ ‘ये’. ऐक्याच्या या लोकप्रिय शब्दातही ओगोनीसारख्यांना बोलावणे नाही.

५

सारो-विवा यांनी १९९० नंतर ओगोनी भूमीतील तेल आणि त्यामुळे नासलेले पाणी व शेती यांविषयी चळवळ चालविली. १० नोव्हेंबर १९९५ रोजी सानी अबाचा यांच्या लष्करी राजवटीने त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिले. या मृत्यूच्या प्रकाशात ‘सोझाबॉय’ हुतात्म्याची साक्ष म्हणून वाचण्याची प्रवृत्ती बळावली आहे. ती समजण्याजोगी असली तरी कादंबरीवर अन्याय करणारी आहे. कारण मेने हा हुतात्मा नाही, त्याला मागणी नाही आणि घोषणाही नाही.

पिजिनमध्ये लोकमत आहे, एवढे म्हणणे पुरेसे नाही. अचेबे यांनी ते मत ऐकविले आणि त्याची चिकित्सा केली. सारो-विवा यांनी त्याला कथा सांगण्याचा अधिकार दिला आणि त्याच्या अज्ञानाचीही जबाबदारी त्याच्याकडेच ठेवली. पहिल्या पद्धतीत विचार अधिक स्पष्ट होतो, दुसरीत किंमत कोण मोजतो ते अधिक स्पष्ट होते. मेनेच्या निवेदनातील क्रियारूपे कोणत्या प्रसंगी पिजिनच्या नियमाने चालतात आणि कोणत्या प्रसंगी इंग्रजीकडे झुकतात, याची प्रकरणवार नोंद झाल्यास भीती, बढाई आणि शोक यांना त्याच्या भाषेत वेगवेगळी व्याकरणे आहेत काय, हे ठरविता येईल. ते काम विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे.