दिसलेले दरिद्री, न ऐकलेले दरिद्री

एखाद्या ग्रंथाने शासनाचे धोरण बदलावे, असे क्वचितच घडते. मायकेल हॅरिंग्टन यांच्या ‘दि अदर अमेरिका’ या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी ग्रंथाला ते भाग्य बऱ्याच अंशी लाभले. येशूसंघीयांच्या महाविद्यालयात शिकलेले हॅरिंग्टन १९५१ साली न्यू यॉर्कमध्ये डॉरथी डे यांच्या ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीत दाखल झाले आणि बेघर, व्यसनग्रस्त माणसांच्या सहवासात राहिले. पुढे त्यांनी चळवळ आणि श्रद्धा दोन्ही सोडून समाजवादाची वाट धरली. तरी त्या सहवासाचा संस्कार ग्रंथात जाणवतो.

सुबत्तेच्या देशात चार ते पाच कोटी माणसे दरिद्री आहेत आणि ती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत, हे ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन. अपलेशियाच्या डोंगरांतील वस्त्या हमरस्त्यांपासून दूर आहेत. मध्यमवर्ग उपनगरांत गेला आहे. कारखान्यांत तयार झालेल्या स्वस्त कपड्यांमुळे गरीब माणूस गरीब वाटत नाही. वृद्ध आपापल्या खोल्यांत एकाकी पडले आहेत. दारिद्र्य का दिसत नाही, याची ही मीमांसा ग्रंथाचे खरे बलस्थान होय.

जानेवारी १९६३ मध्ये ड्वाइट मॅकडोनाल्ड यांनी ‘द न्यू यॉर्कर’मध्ये त्यावर प्रदीर्घ परीक्षण लिहिले आणि ग्रंथ सत्ताधाऱ्यांच्या वर्तुळात पोहोचला. जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच वर्षी आर्थिक संधीचा कायदा झाला. १९६५ मध्ये वृद्धांसाठी व गरिबांसाठी आरोग्यविमा आला. शासकीय मोजणीनुसार १९५९ साली २२.४ टक्के असलेले दारिद्र्य १९७३ मध्ये ११.१ टक्क्यांवर आले. याचे श्रेय एका ग्रंथाला देता येणार नाही. भरभराटीच्या काळातील रोजगार आणि नागरी हक्कांची चळवळ यांचा वाटा मोठा आहे.

तथापि ग्रंथात एक उणीव आहे. मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईस यांची ‘दारिद्र्याची संस्कृती’ ही संकल्पना हॅरिंग्टन यांनी स्वीकारली. परिस्थितीच माणसाला जखडून ठेवते, असा त्यांचा आशय होता. पुढे विरोधकांनी तीच संकल्पना उलटवली आणि गरिबांच्या स्वभावालाच दोष दिला. या विपर्यासाला ग्रंथानेच थोडी जागा ठेवली होती. त्यातील गरीब हताश आहेत. त्यांच्याविषयी लेखक कळवळ्याने बोलतो, पण ते स्वतः क्वचितच बोलतात. वास्तविक १९५५-५६ मध्ये माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय मोलकरणी आणि मजूर ३८१ दिवस बसवर बहिष्कार घालून कामावर पायी गेले होते. गरिबांना आवाज नव्हता, असे कसे म्हणावे?

१९६४ च्या कायद्याने योजनांच्या कारभारात गरिबांना शक्य तितका सहभाग देऊ केला. तो अनेक महापौरांना रुचला नाही. १९६७ च्या दुरुस्तीने स्थानिक शासनाला त्या योजना आपल्या हाती घेण्याची मुभा मिळाली. गरीब दिसणे शासनाला मान्य होते. त्यांनी निर्णयात बसणे मान्य नव्हते.

म्हणून हा ग्रंथ आदराने वाचावा, परंतु त्याच्यापाशी थांबू नये. दरिद्री माणसाला पाहणे ही दयेची पहिली पायरी आहे. त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून ती न्यायापर्यंत पोहोचत नाही.