मयूर, मेघ आणि दार्ष्टान्तिक

मोरोपंतांच्या काव्याविषयीं आपल्याकडे दोन मतें रूढ आहेत. दोन्ही मतांचे पुरस्कर्ते पंतांस शब्दप्रभु म्हणतात. भेद इतकाच कीं, एकांच्या तोंडीं ती स्तुति असते व दुसऱ्यांच्या तोंडीं निंदा. निबंधमालेंत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पंतांची बाजू हिरीरीनें मांडली, १९०८ सालीं ल. रा. पांगारकरांनीं विस्तृत चरित्र व काव्यविवेचन प्रसिद्ध केलें. तरी आक्षेप मिटला नाहीं. तो मिटावा तरी कसा? ओष्ठ्य वर्ण टाळून एक सबंध रामायण रचणाऱ्या कवीनें आक्षेपकांच्या हातीं आपण होऊनच कोलीत दिलें आहे. यमकापायीं अर्थाची ओढाताण झाल्याचीं स्थळें मलाहि दाखवितां येतील. पण पंतांची उपमा हा केवळ दागिना आहे, तिनें विचार पुढें सरकत नाहीं, हें विधान मला मान्य नाहीं. त्यास उत्तर म्हणून केकावलीच्या शेवटाकडील एकच श्लोक येथें विचारास घेतों.

प्रथम दृष्टान्ताविषयीं थोडें. ज्या गोष्टीविषयीं सामान्य मनुष्य व परीक्षक या दोघांची बुद्धि सारखी असते ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त, अशी गौतमाच्या न्यायसूत्रांत व्याख्या आहे. अवघड विषय सोपा कां होतो याचें बीज यांत आहे. ऐकणारा व सांगणारा क्षणभर एकाच पायरीवर उभे राहतात. परंतु ती पायरी कोठें संपते हें सांगण्याचें काम शंकराचार्यांनीं केलें. ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायांत, जलांतील सूर्यबिंबाच्या उदाहरणाचा विचार करतांना, ते म्हणतात कीं दृष्टान्त व दार्ष्टान्तिक यांचें साम्य विवक्षित अंशापुरतेंच असतें; सर्वांशीं साम्य असेल तर तो दृष्टान्तच राहणार नाहीं.

हें भाष्य मीं विद्यार्थिदशेंतच वाचलें होतें. त्याचा अर्थ कळला तो इंदापुरास मास्तरकी करीत असतां. वर्गांत घटाकाशाचा दृष्टान्त सांगत होतों. घट फुटला कीं आंतलें आकाश बाहेरच्या आकाशाहून वेगळें राहत नाहीं, असें सांगून मीं समाधानानें खडू खालीं ठेवला. तोंच कुंभाराच्या घरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, पण खापऱ्या उरतात. त्यांचें काय?" मीं त्यास उर्मट म्हणून खालीं बसविलें. वास्तविक प्रश्न रास्त होता. खापऱ्या हा त्या दृष्टान्ताचा अविवक्षित अंश, एवढें दोन वाक्यांत सांगतां आलें असतें. तें मला त्या रात्रीं सुचलें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत सांगण्याइतका मोठेपणा मजजवळ नव्हता.

ही मर्यादा आपल्या जुन्या ग्रंथकारांस पूर्ण अवगत होती. महानुभावांच्या दृष्टान्तपाठाची रचनाच पाहावी. चक्रधरांचें सूत्र, त्यांनीं सांगितलेला दृष्टान्त, व केशिराजबासांनीं लाविलेलें दार्ष्टान्तिक, असे तीन भाग एकापुढें एक येतात; असे ११४ दृष्टान्त आहेत. दृष्टान्त मोकळा सोडलेला नाहीं, तिसऱ्या भागानें त्यास कुंपण घातलें आहे. कुंपण नसलें म्हणजे काय होतें हें हत्ती व आंधळे या गोष्टीवरून दिसतें. ती या ग्रंथांतहि आहे, बौद्धांच्या उदानांतहि आहे. तेथें ती भांडखोर मतवाद्यांचा उपहास करण्यास योजिली आहे. जैन तीच गोष्ट अनेकान्तवाद समजाविण्यास सांगतात. हत्ती एक, आंधळे तेच. बदलतें तें दार्ष्टान्तिक. संग्राहकांनीं सुटीं पानें जुळवितांना हें ध्यानीं ठेवण्यासारखें आहे. गोष्टीचें पान सर्वजण जपतात, टिप्पणाचें पान बहुधा बांधणीस जातें.

आतां केकावलीकडे वळूं. पंतांचा जन्म १७२९ सालीं पन्हाळ्यास झाला. पुढें बाबूजी नाईकांच्या आश्रयानें ते बारामतीस राहिले आणि १७९४ सालीं तेथेंच वारले. केकावली हें पृथ्वी वृत्तांतलें स्तोत्र. ग्रंथनामच रूपक आहे: कवि मयूर, हरि मेघ, स्तोत्र म्हणजे मोराच्या केकांची माळ. मोरोपंत हा मयूर झाला ही श्लेषाची करामत, एवढ्यावर टीकाकार थांबतात. पण कविसंकेताप्रमाणें मेघाकडे पाणी मागणारा पक्षी चातक होय, मोर नव्हे. मोर मेघ पाहून हर्षानें ओरडतो. त्याच्या केकेंत कालिदासास षड्ज ऐकूं आला. याचना करावयाची आणि पक्षी मात्र हर्षाचा, ही विसंगति पंतांसारख्या संस्कृतज्ञाच्या नजरेंतून सुटली असेल असें मला वाटत नाहीं. केका उठते ती मेघ दिसल्यावर. दात्याचें दर्शन झालेल्याची ही याचना आहे. म्हणूनच प्रह्लाद, गजेंद्र, अजामिळ यांचे दाखले देऊन देवाशीं वकिलासारखें भांडण्याचें धैर्य तींत आहे.

प्रस्तुत श्लोकांत पंत हरीस दयामृताचा मेघ म्हणून संबोधितात व मयूराकडे वळण्यास विनवितात. लगेच रडणाऱ्या मुलास कळवळून कडेवर घेणारी माता येते. मग असा अतिथि पुन्हां केव्हां मिळणार असा प्रश्न. आणि शेवटीं दासांस भवसागराच्या पार उतरविणें तुम्हांस जड नाहीं असें आश्वासन. चार चरणांत चार चित्रें! साहित्यशास्त्राचा विद्यार्थी यास उपमांची खिचडी म्हणेल. मींहि पुष्कळ वर्षें म्हणत असें.

पण क्रम पाहावा. मेघ पात्रापात्र न पाहतां वर्षतो, म्हणून कृपा ही कमाई नव्हे हें त्यानें कळतें. परंतु मेघ बहिरा आहे. मोर ओरडला म्हणून तो येत नाहीं. मग शंभरावर श्लोक हांका कशासाठीं मारल्या? या शंकेस माता उत्तर देते, कारण ती रडणें ऐकते. पण माता आपल्याच मुलास उचलते. परक्यानें काय करावें? तेथें अतिथि येतो. त्याचा हक्क जन्माचा नसून धर्माचा आहे, व यजमानासहि त्याची गरज असते. अतिथीचा भार मात्र यजमानावर पडतो. म्हणून अखेरीस, हा भार तुम्हांस भारच नव्हे. प्रत्येक दृष्टान्त जेथें संपतो तेथेंच दुसरा सुरू होतो. ही खिचडी नव्हे, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष आहे. आचार्यांचा विवक्षित अंशाचा नियम येथें कवीनें नियमाचें नांव न घेतां पाळला आहे.

मेघास 'वळा' म्हणण्यांत मला आणखी एक गोष्ट दिसते. सह्याद्रीवर रिते होऊन आलेले ढग कऱ्हेकांठावरून पूर्वेस निघून जातात, हें दृश्य बारामती-इंदापुराकडील मनुष्यास सांगावें लागत नाहीं. नीरेचा डावा कालवा आला १८८५ सालीं. पंतांच्या काळीं आकाशाकडे पाहण्यावांचून उपाय नव्हता. मेघ दिसणें व मेघ वळणें या येथें दोन गोष्टी आहेत. अर्थात् हा माझा तर्क होय. 'वळा' हें क्रियापद कोणत्याहि गांवच्या भक्तास सुचलें असतें, आणि कुंभाराच्या मुलास गप्प करणाऱ्यानें स्वतः खापऱ्या वेंचीत बसूं नये.

दादोबा पांडुरंगांची यशोदापांडुरंगी टीका केकावलीच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याहून जुनीं, हस्तलिखित पोथ्यांच्या समासांतलीं टिप्पणें मात्र घरोघरीं विखुरलेलीं असावींत. ज्यांच्या संग्रहीं केकावलीची सटिप्पण पोथी असेल त्यांनीं या श्लोकाचें पान काढून, टिप्पणकारानें चारहि उपमानें पृथक् लाविलीं आहेत कीं मातेपाशींच थांबला आहे, एवढें पाहून कळवावें. पोथी पाठविण्याची तसदी नको. त्या पानाची नक्कल पुरे.