‘मिसेस डॅलोवे’ : दिवाणखाना आणि अंतर्मन

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) या कादंबरीवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. पन्नाशी ओलांडलेली एका पार्लमेंट-सभासदाची पत्नी सकाळी फुले आणावयास जाते आणि रात्री मेजवानी देते; एवढ्याशा सामग्रीत जीवनदर्शन ते कोणते घडणार? संज्ञाप्रवाहाच्या तंत्राची वाखाणणी करून या आक्षेपाचे निरसन होत नाही. ते तंत्र मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’पासून (१९४२) मराठी वाचकाच्याही परिचयाचे आहे. लेखिका आपल्या नायिकेकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा खरा प्रश्न होय.

ही दृष्टी भाबडी नाही. आर्मेनियनांच्या प्रश्नासंबंधीच्या बैठकीस पती निघून जातो. क्लॅरिसाला मात्र ते आर्मेनियन की अल्बेनियन हेही धड आठवत नाही. पतीने आणलेल्या गुलाबांत तिचे मन रमलेले असते. लेखिका येथे निषेध करीत नाही, समर्थनही करीत नाही. तो विचार क्लॅरिसाच्याच मनाच्या लयीत येतो आणि त्या लयीत गुंतलेला वाचक स्वतःशीच चपापतो. गरीब नातलग एली हेंडरसन हिला बोलावणे क्लॅरिसाच्या जिवावर येते, तेथेही हाच अनुभव. (तिला एकेकाळी मागणी घालणारा पीटर वॉल्श हिंदुस्थानातून परततो, त्याच्या आठवणीत हा देश येतो तो विलायतेहून मागविलेल्या आणि कुलींनी न वापरलेल्या ढकलगाड्यांसह!)

कादंबरीची कसोटी लागते ती सेप्टिमसच्या मृत्यूपाशी. महायुद्धाने मन मोडलेला हा कारकून क्लॅरिसाला कधीच भेटत नाही. मूळ योजनेत तो नव्हताच, मरण क्लॅरिसालाच यावयाचे होते, असे लेखिकेने १९२८ च्या प्रस्तावनेत सांगितले आहे. त्याच्या आत्महत्येची वार्ता मेजवानीत पोचते ती त्याला तपासणाऱ्या बड्या डॉक्टरांच्या पत्नीच्या तोंडून. क्लॅरिसा एकटीच शेजारच्या खोलीत जाते. त्याच्याशी तिला विलक्षण जवळीक वाटते, त्याने हे केले याचे समाधानही वाटते, आणि नव्या उत्साहाने ती पाहुण्यांत परतते. ही सहानुभूती म्हणावी, की परक्याच्या मरणावर पोसलेली जीवनासक्ती? दोन्ही एकाच क्षणी खरी असावीत, येथवर वुल्फ यांचा प्रामाणिकपणा निःसंशय मोठा आहे. परंतु लगोलग पीटरच्या मुग्ध नजरेतून क्लॅरिसाचे दर्शन घडवून त्यांनी कादंबरी संपविली. त्या तेजोवलयात एली, सेप्टिमस आणि त्याची विधवा रेझिया ही सारीच दिसेनाशी होतात.