लूप चालला, पण फॉर्म वाचता येतो का?

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस १९९२ साली बाजारात आलं, आणि त्यात बांधलेली कितीतरी कामं आजही चालू आहेत. समजा, अशा एका जुन्या फाइलमध्ये शंभर फॉर्म आहेत आणि सगळ्यांचा फॉन्ट बदलायचाय. हाताने कोण करणार? मग व्हीबीएमध्ये लूप लिहितात. प्रत्येक फॉर्म डिझाइन व्ह्यूमध्ये उघडायचा, एकेका कंट्रोलचा फॉन्ट बदलायचा, सेव्ह करून बंद करायचा. दहा-पंधरा ओळींत काम फत्ते! माझा आक्षेप लूपला नाही, या 'फत्ते'ला आहे.

आपल्याकडचंच बघा ना. युनिकोडच्या आधी मराठी लेबलं खास फॉन्टमध्ये टाइप व्हायची. आत साठलेले संकेत रोमन अक्षरांचे किंवा चिन्हांचे. त्यांना देवनागरी रूप द्यायचा तो फॉन्ट. म्हणजे इथे फॉन्ट हा नुसता पोशाख नाही, वाचन त्याच्यावरच टिकून आहे. लूपने फॉन्ट बदलून 'मंगल' केला, की 'जन्मतारीख'च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. लूप मात्र एकही एरर देत नाही.

बरं, मग लेबलांचा मजकूरही बदलू. अ‍ॅक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्ये साठवता येतो. पण व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी पेस्ट केली, तर प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून जुन्या-नव्या अक्षरांचा तक्ता कोडमध्ये न ठेवता टेबलमध्ये ठेवावा.

काही जण जुनं लेबल काढून नवंच टाकतात. तो मार्ग मला पटत नाही. एका फॉर्मच्या उभ्या आयुष्यात कंट्रोल आणि सेक्शन मिळून ७५४च जोडता येतात, आणि काढून टाकलेलेही त्यात मोजले जातात. आहे त्याच लेबलचा मजकूर बदलावा.

आता खरा धोका. फॉर्म बदलला, पण टेबलमधली माहिती जुन्याच संकेतात राहिली तर? कालच्या नोंदी एका लिपीसंकेतात, आजच्या दुसऱ्या. एकाच बाईचं नाव दोन रूपांत साठतं, आणि शोधलं तर जुनी नोंद सापडत नाही. समोरचा कर्मचारी म्हणतो, "तुमचं नाव यादीत नाही." ती बाई काय करणार?

म्हणून आधी फाइलची प्रत काढा. ती प्रत एकट्याने, एक्सक्लुझिव्ह उघडा; अ‍ॅक्सेस २००० पासून डिझाइन सेव्ह करायला ते लागतंच. फॉर्म, कॉम्बो बॉक्सच्या याद्या आणि टेबलं एकाच टप्प्यात बदला. नंतर रोज नोंदी करणाऱ्या माणसाला त्या प्रतीपुढे बसवा आणि जुनं एक नाव शोधायला सांगा. ते सापडलं, तर काम झालं म्हणा.