अधिसभेवरील आमदार : निवडणूक की नामनिर्देशन?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये प्राचार्य, अध्यापक व नोंदणीकृत पदवीधर यांचे प्रतिनिधी निवडणुकीने अधिसभेवर येतात. विधिमंडळाचे मात्र नामनिर्देशनाने. विधानसभेचे दोन सदस्य तिचे अध्यक्ष, तर विधान परिषदेचा एक सदस्य तिचे सभापती नामनिर्देशित करतात. मतदानातून अस्तित्वात आलेल्या विधानसभेला स्वतःचे प्रतिनिधी ठरविताना मतदान नाही, ही विसंगती होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव हे चार जिल्हे येतात. विधानसभेच्या जागा दोनच. म्हणजे किमान दोन जिल्ह्यांतील एकही विधानसभा सदस्य अधिसभेवर नसणार. म्हणूनच कोणाला व कोणत्या निकषावर पाठविले, हा प्रश्न जालन्यातील महाविद्यालयांनी विचारणे रास्त ठरते.

निवडणुकीने पक्षीय राजकारण विद्यापीठात शिरेल, असा आक्षेप घेता येईल. तथापि नामनिर्देशनाने पक्ष नाहीसा होत नाही. केवळ निर्णयाची कारणे अदृश्य होतात. राज्यसभेप्रमाणे एकल संक्रमणीय मतपद्धती स्वीकारल्यास २८८ सदस्यांच्या सभागृहात ९७ मतांवर एक जागा निश्चित होईल व विरोधी पक्षालाही वाव राहील. जागांची टंचाई त्याने संपणार नाही. परंतु निवडून आलेला सदस्य सभागृहास उत्तरदायी राहील.