चैत्राची वाट आणि मराठी गद्य

पायी यात्रेविषयीच्या मराठी ललित गद्याचा विचार करू लागले म्हणजे दोन कृती प्रथम समोर येतात. पहिली, इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख, दुसरी, दि. बा. मोकाशी यांची ‘पालखी’ (१९६४). दोहोंचा विषय आषाढातील पंढरीची वाट हा आहे. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे अठरा किलोमीटरांवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. तेथील जोतिबाकडे चैत्री पौर्णिमेस सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील गावे सासनकाठ्या घेऊन येतात. त्यांपैकी कित्येक काही दिवसांची चाल करून येतात. या वसंतातील वाटेवर मात्र वरील दोन कृतींच्या पंक्तीस बसेल असे गद्य चटकन आठवत नाही. हा अभाव केवळ योगायोगाचा नाही. आषाढाच्या वाटेवरून सिद्ध झालेली मोजपट्टी आपण चैत्राला लावीत आलो, आणि तीत जे मावले नाही त्यास वाङ्मयदृष्ट्या क्षुल्लक समजलो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

‘वाटचाली’चे सामर्थ्य कशात आहे, हे आधी पाहिले पाहिजे. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ म्हणून पाहतात आणि वारकरी बायांबरोबर चालतात; या दोन भूमिकांतील ताण लेखात कोठेही लपविलेला नाही. एकाच दिंडीत अभंग एकत्र म्हणावयाचे आणि पंक्ती मात्र जातीप्रमाणे निरनिराळ्या मांडावयाच्या, या विसंगतीची बोचणी त्या स्पष्ट शब्दांत नोंदवितात. ज्या देशाचे लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना वाटेवर गवसलेली व्याख्या याच लेखातील. १९६२ मध्ये लेखाचे इंग्रजी भाषांतर एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत आले आणि ती व्याख्या सर्वतोमुखी झाली. परंतु लेखाची बांधणी पाहिली तर ती संवादाची आहे, हे ध्यानात येते. वारी आपल्या यात्रेकरूस शब्द पुरविते. अभंग, कीर्तन, मुक्कामावरच्या गप्पा यांमुळे चालणारा बोलता राहतो आणि लेखकास माणसे त्यांच्या बोलण्यातून भेटतात.

‘पालखी’ची गोष्ट थोडी निराळी आहे. मोकाशी कथाकार, भाविक म्हणून नव्हे, तर पाहण्यासाठी ते वारीत उतरले. त्यांच्या पुस्तकाचा सांगाडा मुक्कामांचा आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीस जी शिस्त लावली, तिच्यामुळे तिथी, मुक्काम आणि दिंड्यांचा क्रम ठरून गेला. गद्यलेखकास याचा मोठाच लाभ होतो, कारण त्याला प्रकरणे जणू आयती मिळतात. तेव्हा या दोन्ही कृतींचा घाट काही अंशी लेखकांचा आणि काही अंशी वाटेचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता चैत्राकडे वळू. सासनकाठी म्हणजे कापडाने सजविलेला उंच वेळू. ती उभी पेलावयाची, दोर ताणून तिचा तोल सावरावयाचा आणि थकलेल्या खांद्याची जागा दुसऱ्याने घ्यावयाची. येथे चालणाऱ्याचे चित्त ओझ्याकडे असते. तो गप्पा मारीत चालू शकत नाही. वारीत व्यक्ती दिंडीत सामील होते. येथे गाव काठीमागे चालते. मिरवणुकीत काठीची ओळख गावाच्या नावाने होते. सातारा जिल्ह्यातील पाडळीची काठी मानाची पहिली, विहे गावची दुसरी, असा क्रम ठरलेला आहे. नावातील ‘सासन’ हे रूपदृष्ट्या ‘शासन’ या संस्कृत शब्दाचे प्राकृत वळण होय. शासन म्हणजे आज्ञा, तसेच राजाने दिलेली सनदही. ‘मान’ आणि ‘सासन’ हे दोन शब्द शेजारी ठेवले म्हणजे हे चालणे भक्तीइतकेच हक्काचेही आहे, हे उघड होते. अशा वाटेचे गद्य एका ‘मी’च्या अनुभवाने भागणार नाही, त्यास गावाचा प्रथमपुरुषी अनेकवचनी आवाज लागेल.

शब्दांची साक्ष येथे अधिक बारकाईने घेतली पाहिजे. ‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ हे मुळात एकच शब्द. पहिला तत्सम, दुसरा तद्भव. परंतु व्यवहारात पहिल्यास पावित्र्य लाभले आणि दुसऱ्याच्या वाट्यास पाळणे, खेळणी व गर्दी आली. चैत्रातील यात्रेस आपण ‘जत्रा’ म्हणतो तेव्हा अर्थाबरोबर मूल्यनिर्णयही करीत असतो. याउलट ‘खेटा’ या शब्दाचे. प्रमाण मराठीत खेटे घालावयाचे ते कचेरीत, आणि बहुधा निष्फळ. कोल्हापुरात मात्र माघातील पौर्णिमेच्या सुमारास ओळीने येणाऱ्या रविवारी लोक जोतिबास पायी जातात, त्यासही ‘खेटे’च म्हणतात. उत्तरेस परत निघालेल्या जोतिबाला थांबविण्यासाठी अंबाबाई स्वतः चालत गेली, अशी कथा त्यामागे सांगतात. नियमाने चालून देवाला राहावयास भाग पाडणे हा अर्थ ‘वारी’त नाही, तो ‘खेट्या’तच आहे.

घोषांतील भेदही असाच बोलका आहे. ‘ज्ञानबा-तुकाराम’ ही दोन नामे होत. ती उच्चारताच मागे ग्रंथ उभा राहतो. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ या घोषात क्रियापद नाही. ‘चांग’ व ‘भलं’ हे दोन समानार्थी शब्द जोडून केलेली ती एक इच्छा आहे. कोणाचे भले, हे सांगणारे पद वाक्यात नाही. त्यामुळे ते हाक देणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे, गावाचे असे सर्वांचेच होऊ शकते. ही व्याकरणातील मोकळी जागा चैत्राच्या वाटेचा अर्थ सांगते.

येथे एक आक्षेप संभवतो. संतवाङ्मयाचा आधार नसलेल्या यात्रेत गुलाल, खोबरे आणि दवणा यांपलीकडे गद्यलेखकास काय गवसणार? याचे उत्तर अंशतः संशोधनाने दिलेले आहे. ॲन फेल्डहाऊस यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शिखर शिंगणापूरच्या चैत्रयात्रेतील कावडींचा, त्या पाणी घेऊन मुंगी घाट चढतात त्या चढणीचा अभ्यास केला. यात्रांनी घडविलेले प्रदेश अनेक असून ते एकमेकांवर पसरलेले आहेत, हा त्यांचा निष्कर्ष इरावतीबाईंच्या व्याख्येस खोडीत नाही. तिचे एकमेवपण तेवढे काढून घेतो. संशोधनाने ओलांडलेली ही मर्यादा ललित गद्याने आणि त्याच्या समीक्षेने ओलांडावयाची राहिली आहे.

मात्र चैत्राचे गुणगान करणे हा त्यावरील उपाय नव्हे. मानाच्या क्रमात कोणते गाव पुढे आणि कोणते मागे, काठीस कोणाचा खांदा लागतो व कोणाचा लागत नाही, बायांची जागा कोठे, हे प्रश्न ‘वाटचाली’तील निराळ्या पंक्तींइतक्याच निर्भयपणे विचारले गेले पाहिजेत. इरावतीबाईंपासून घ्यावयाचा धडा हाच आहे. त्यांची व्याख्या उचलून दुसऱ्या डोंगरावर नेणे हा नव्हे.

पदव्युत्तर वर्गातील अनेक विद्यार्थी काठीच्या गावांतून येतात. प्रबंधिकेत मात्र ते गावच्या यात्रेस ‘वारीसारखी’ म्हणून मोकळे होतात. या उपमेने विषयास प्रतिष्ठा मिळते, पण विषय हरवतो. काठी, खेटा, मान, चांगभलं हे शब्द अवतरणचिन्हांतून बाहेर काढून विवेचनाची परिभाषा म्हणून वापरले, तर या वाटेचे गद्य कसे असावे हे सांगण्याचा अधिकार समीक्षेस प्राप्त होईल. तोवर त्या गद्याच्या अभावाचा दोष केवळ लेखकांना देता येणार नाही.