संहिता आणि कंठ : शोभा गुर्टू यांच्या गझलगायनाचा एक विचार

मराठी गझलेचा इतिहास बहुधा छापील संहितांच्या आधारे मांडला जातो. माधव ज्यूलियन यांच्या ‘गज्जलांजलि’पासून (१९३३) सुरेश भटांपर्यंत येणाऱ्या या मांडणीत वृत्त, रदीफ, काफिया यांची साक्षेपी चर्चा असते, मात्र मराठी श्रोत्याच्या कानावर उर्दू गझल घालणाऱ्या गायिका तीत आढळत नाहीत. शोभा गुर्टू (१९२५-२००४) यांची कारकीर्द ही उणीव स्पष्ट करते.

बेळगावात जन्मलेल्या भानुमती शिरोडकर यांच्या मातोश्री मेनकाबाई नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँ यांच्या शिष्याही. भानुमतींना आरंभीची तालीम अल्लादियांचे पुत्र भूर्जी खाँ यांनी दिली. ठुमरी-दादऱ्याचे संस्कार घम्मन खाँ यांच्याकडून झाले. विवाहानंतर त्या शोभा गुर्टू झाल्या. मराठी-कन्नड सीमेवरील गायिकेने उर्दू काव्य गावे, यात दख्खनच्या दृष्टीने नवल नव्हते. गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुतुबशाह आणि औरंगाबादचा वली यांनी गझल याच भूमीत रुजवली होती.

गझलगायनाला मैफिलीची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे अग्रणी कार्य बेगम अख्तर (१९१४-१९७४) यांचे. शोभा गुर्टूंची ख्याती प्रामुख्याने ठुमरीची. गझल हा त्यांच्या गायनाचा तुलनेने लहान भाग. तरीही तौलनिक अभ्यासाला तोच अधिक उद्बोधक ठरतो. ठुमरीतील ‘मी’ नायिकेचा असतो. पारंपरिक उर्दू गझलेत प्रेमिक आणि प्रियपात्र दोघेही व्याकरणदृष्ट्या पुल्लिंगी असतात. नायिकेच्या उक्तीत मुरलेला कंठ शेर गातो, तेव्हा क्रियापद पुरुषाचे आणि आर्तता स्त्रीची, असा दुहेरी आविष्कार घडतो. बोलबनावाची सवय असलेली गायिका पहिला मिसरा निरनिराळ्या स्वरवळणांनी पुन्हापुन्हा उच्चारते, दुसऱ्याची उत्कंठा वाढवते आणि एका शब्दाच्या अनेक अर्थच्छटा उकलते. हे गायन म्हणजे संहितेचे भाष्यच होय. नौशाद यांनी स्वरबद्ध केलेल्या, गणेश बिहारी ‘तर्ज’ यांच्या गझलांच्या ‘तर्ज’ या संग्रहात त्यांचा स्वर मेहदी हसन यांच्या स्वराशेजारी येतो. एकाच कवीची रचना पुरुषकंठाने आणि स्त्रीकंठाने कशी वाचली जाते, हे तेथे शेजारी शेजारी ताडून पाहता येते.

मराठीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतील भेद मराठी क्रियापद लपवू देत नाही. पुरुषकवीची गझल गाणाऱ्या स्त्रीला एक तर मूळ लिंग जपावे लागते किंवा संहिता बदलावी लागते. दोन्ही निवडींनी अर्थ पालटतो. गायिकेला केवळ ‘सादरकर्ती’ मानणाऱ्या समीक्षेला हा पालट टिपता येत नाही.

शोभा गुर्टूंना १९८७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ साली पद्मभूषण लाभले. संगीताने त्यांची नोंद घेतली. साहित्येतिहासाने ती अद्याप घ्यावयाची आहे. मराठी गझलेच्या इतिहासात कवींच्या बरोबरीने अशा कंठांचा समावेश झाल्याखेरीज गझल येथे कशी रुजली, याचे उत्तर अपुरेच राहील.